खोबणीतली हिरवी गाठ : प्रस्तावना

रक्ताचा कर्करोग म्हटलं की फिकट पडलेलं, तापानं फणफणलेलं, अंगावर काळेनिळे डाग उमटलेलं माणूस आठवतं. पाठ्यपुस्तकांत तसंच शिकवतात आणि बहुतेक रुग्ण येतातही तसेच. या पुस्तिकेत त्याच आजाराची एक आडवाट आहे. इथे रोग रक्तातला असतो, पण पहिली खबर येते डोळ्याच्या खोबणीतून. दोन-चार आठवड्यांत एका डोळ्याची वरची पापणी जड होते, डोळा पुढे यायला लागतो, मूल एका बाजूला बघताना ‘दोन-दोन दिसतंय’ म्हणतं. घरचे त्याला घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे जातात. साहजिकच आहे. डोळा सुजला म्हणून रक्त तपासायला कोण जातं?

जावं, एवढं सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप.

आधी एक खुलासा. हा आजार दुर्मीळ आहे. मुलांच्या सुजलेल्या पापण्यांमागे शंभरातल्या जवळजवळ शंभर वेळा रांजणवाडी, ॲलर्जी, किडा चावणं किंवा साधा जंतुसंसर्ग असतो आणि तो आठवड्याभरात बरा होतो. ही प्रस्तावना वाचून प्रत्येक रांजणवाडीपाशी देव पाण्यात ठेवणारे आईबाप तयार व्हावेत, अशी माझी मुळीच इच्छा नाही. प्रश्न त्या थोड्या मुलांचा आहे ज्यांची सूज औषधांना दाद देत नाही, आणि ज्यांच्या बाबतीत तीन आठवडे वाया जाणं परवडत नाही.

डोळ्याची खोबण ही सात हाडांनी मिळून बनलेली जागा. पुढे रुंद, मागे निमुळती. प्रौढ माणसात तिच्यात सुमारे तीस मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे भरतील एवढीच जागा असते आणि त्यात साडेसहा-सात मिलिलिटरचा डोळा बसलेला असतो. उरलेल्या जागेत डोळा हलवणारे स्नायू, दृष्टीची नस, रक्तवाहिन्या, अश्रुग्रंथी आणि या सगळ्यांना सांभाळून धरणारी चरबी. भिंती हाडाच्या, त्यामुळे आत काहीही वाढलं की त्याला पसरायला एकच मोकळी बाजू उरते, ती समोरची. म्हणून डोळा पुढे येतो. पुढे आलेला डोळा हा स्वतः रोग नव्हे. मागे कुणीतरी जागा बळकावली आहे, एवढंच तो सांगतो.

ती जागा रक्तपेशी कशा बळकावतात? रक्त हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत तयार होतं आणि लहान मुलांत ही लाल मज्जा जवळपास सगळ्या हाडांत असते, खोबणीच्या भिंतींतल्या काही हाडांतही. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात, ज्याला वॉर्डात सगळे ‘एएमएल’ म्हणतात, अपक्व पांढऱ्या पेशी मज्जेत बेसुमार वाढतात. त्यातल्या काही हाडांतल्या बारीक वाटांनी बाहेर पडून हाडावरच्या पातळ आवरणाखाली साचतात आणि तिथे त्यांची घट्ट गाठ होते. खोबणीच्या बाहेरच्या, कानाकडच्या भिंतीला हे बऱ्याचदा दिसतं. अशी गाठ शरीरात कुठेही होऊ शकते: त्वचेत, लसिकाग्रंथींत, आतड्यात, मणक्याशी. मुलांमध्ये मात्र त्वचा आणि खोबण या तिच्या आवडत्या जागा. या गाठीला आज मायलॉइड सार्कोमा म्हणतात. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजून क्लोरोमा हेच नाव आहे आणि मलाही तेच जवळचं वाटतं, कारण त्या नावात तिचा हिरवा रंग आहे.

या हिरव्या रंगाची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१८११ साली ग्लासगोच्या ॲलन बर्न्स या शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकानं डोक्याच्या आणि मानेच्या शस्त्रक्रियेसाठी उपयोगी पडणाऱ्या शरीररचनेवर एक ग्रंथ छापला. त्यात डोळ्याच्या खोबणीतल्या हिरव्या गाठीचं वर्णन आहे. बर्न्सकडे वैद्यकीची पदवी नव्हती आणि पुढे दोनच वर्षांत, वयाची बत्तिशी गाठण्याआधी तो वारला. आपण काय पाहिलं हे कळण्याचा मार्गच त्याच्यापाशी नव्हता, कारण ल्युकेमिया नावाचा आजार त्या वेळी अस्तित्वात असला तरी ज्ञात नव्हता. एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेटनं आणि बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्शोनं पांढऱ्या पेशींनी भरलेल्या रक्ताची वर्णनं छापली ती १८४५ मध्ये. फिर्शोनं त्याला ल्युकेमिया म्हटलं ते १८४७ मध्ये. म्हणजे रक्ताचा हा कर्करोग रक्तात ओळखू येण्याच्या चौतीस वर्षं आधी तो डोळ्याच्या मागे दिसलेला होता. १८५३ मध्ये किंग नावाच्या डॉक्टरानं गाठीला क्लोरोमा नाव दिलं. तरीही गाठ आणि रक्त यांची सांगड लागली नव्हती. ती घातली मिशिगनच्या जॉर्ज डॉक यांनी, १८९३ मध्ये. गाठीकडे बघणारे आणि रक्ताकडे बघणारे यांची गाठ पडायला ऐंशी वर्षं लागली. आज तीच गोष्ट एका रुग्णाच्या बाबतीत कधी कधी तीन आठवडे घेते. प्रगती झाली हे मान्यच, पण मूल पाच वर्षांचं असेल तर तीन आठवडेही फार होतात.

रंगाचं कोडं आणखी पुढे सुटलं. १९४१ मध्ये शेल आग्नर या स्वीडिश शास्त्रज्ञानं छातीत पू झालेल्या रुग्णांच्या पुवातून एक हिरवं प्रथिन वेगळं काढलं. आज आपण त्याला मायलोपेरॉक्सिडेज म्हणतो. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी जे हत्यार वापरतात त्यातलं हे एक. त्याच्या मदतीनं पेशी जवळजवळ कपडे धुण्याच्या ब्लीचमधलंच रसायन तयार करते. पू हिरवट दिसतो तो यामुळे, आणि सर्दी जुनी झाली की शेंबूड हिरवा होतो तोही यामुळेच. हे प्रथिन ठासून भरलेल्या कोट्यवधी अपक्व पेशी एका जागी दाटल्या की गाठ हिरवी दिसते. सगळ्याच गाठी हिरव्या नसतात. काही पांढुरक्या, काही राखाडी. शिवाय कापलेली गाठ हवेत राहिली की तिचा हिरवेपणा उडत जातो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हिरवी दिसलेली गाठ प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मातकट झालेली असते, आणि चिठ्ठीवर रंगाचा उल्लेख नसेल तर आम्हा सूक्ष्मदर्शकवाल्यांना तो कळतच नाही. शल्यविशारदांना माझी एक जुनी विनंती आहे: रंग दिसला तर लिहा. दोन शब्दांचं काम आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गाठीचा नकाशा तयार होऊ लागला. १९६५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये युगांडातल्या मुलांच्या क्लोरोमावर लेख आला. डेनिस बर्किट यांच्यामुळे कंपालात मुलांच्या जबड्याच्या आणि डोळ्याच्या गाठींकडे डॉक्टरांची नजर आधीच लागलेली होती. डोळा पुढे आलेलं प्रत्येक मूल बर्किटच्या लिम्फोमाचं नसतं, काही ल्युकेमियाचीही असतात, हे तिथे वेगळं काढलं गेलं. १९७०च्या दशकात अंकाऱ्याच्या बालरक्तविकारतज्ज्ञ आयहान चावदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्की मुलांमध्ये हे प्रमाण चांगलंच ठळक असल्याचं दाखवलं. भारतातल्या नेत्ररुग्णालयांतून आणि कर्करोग केंद्रांतूनही अशा मुलांच्या नोंदी सातत्यानं छापून येतात. युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांत एका परिच्छेदात उरकलेला हा आजार आपल्याकडच्या डॉक्टरांना त्या परिच्छेदापेक्षा जास्त वेळा भेटतो, असं माझं मत आहे. उशिरा निदान होतं म्हणून गाठी मोठ्या दिसतात, की वंशाचा काही भाग आहे, यावर वाद घालता येईल. एवढं मात्र पक्कं, की गुणसूत्रांतला एक विशिष्ट बदल या गाठींशी वारंवार जोडलेला आढळतो. आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्राचे तुकडे एकमेकांच्या जागी जातात. हा बदल शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये टिपला.

आता या मुलाची वाट आपल्याकडे साधारण कशी असते ते पाहू. मी कुण्या एका मुलाची गोष्ट सांगत नाही. अशा अनेकांची वाट सारखीच असते.

मूल सहा-सात वर्षांचं. आधी आजी म्हणते, रांजणवाडी येतेय, लवंग उगाळून लावा. मग मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढून होते. यात हसण्यासारखं काही नाही. दोन दिवस थांबणं हा तसा शहाणपणाच असतो. मग गावचे डॉक्टर थेंब आणि प्रतिजैविकाचं पातळ औषध देतात. सूज किंचित उतरल्यासारखी वाटते, पुन्हा वाढते. मग तालुक्याला नेत्रतज्ज्ञ. ते डोळा पुढे आलाय हे बघतात, ताप आहे हे ऐकतात आणि खोबणीतला जंतुसंसर्ग धरून मुलाला दाखल करून घेतात. तेही बरोबरच असतं. नाकाशेजारच्या सायनसमध्ये आणि खोबणीत कागदाइतकं पातळ हाड असतं. सायनसमधला जंतू तिथून आत शिरला तर डोळा आणि जीव दोन्ही धोक्यात येतात, म्हणून सलाइनमधून प्रतिजैविकं तातडीनं सुरू करणं हेच योग्य. घोडं पेंड खातं ते त्यापुढे. अठ्ठेचाळीस तासांत फरक पडला नाही तर विचार बदलायला हवा. तसं न होता औषधच बदललं जातं, मग पुन्हा बदललं जातं. किंवा, आणि हे मला जास्त खटकतं, ‘सूज आहे, स्टेरॉइड देऊन बघू’ असं ठरतं.

स्टेरॉइडनं सूज उतरते. दोन-तीन दिवसांत डोळा मागे जातो, घरात आनंदीआनंद. पण ल्युकेमियाच्या पेशीही स्टेरॉइडला काही काळ दबतात. मुलाला एएमएल नसून लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया असेल तर त्या चार गोळ्यांनी रक्तातले आणि मज्जेतले पुरावे इतके पुसले जाऊ शकतात की पुढे निदान करणाऱ्याच्या हाती नीट काही लागत नाही, आणि आजार किती जोखमीचा हे ठरवणंही अवघड होऊन बसतं. स्टेरॉइड वाईट औषध नाही. ते रक्त तपासण्याआधी देऊ नये, माझं म्हणणं इतकंच.

या सगळ्या धावपळीत मुलाकडे नीट पाहिलं तर सूचना मिळतात. मूल पांढरंफटक दिसतं. नडग्यांवर न पडता-झडता निळे डाग असतात. हिरड्या फुगलेल्या असतात, आणि ब्रश करताना रक्त येतं असं आई विचारल्यावर सांगते, आपण होऊन सांगत नाही. रात्री पाय दुखतात म्हणून रडतं. पोट चाचपलं तर पानथरी हाताला लागते. नेत्रतज्ज्ञाच्या अंधाऱ्या खोलीत, हनुवटी यंत्रावर टेकवलेल्या मुलाचं पोट कोण चाचपणार? ज्याची त्याची खोली आपापल्या अवयवाची. आणि काही मुलांत यातलं काहीच नसतं. डोळा तेवढा पुढे आलेला, बाकी मूल टुणटुणीत. अशा वेळी उरतो तो रक्ताचा एक थेंब.

तो थेंब कसा बघतात ते जरा सावकाश सांगतो, कारण माझं आयुष्य त्यातच गेलं.

काचेच्या पट्टीच्या एका टोकाला थेंब ठेवायचा. दुसऱ्या पट्टीची कड तिरकी धरून थेंबाला टेकवायची, थेंब कडेनं पसरला की एका झटक्यात, हात न थांबवता पुढे सरकवायची. मागे जाड आणि पुढे पातळ होत गेलेला, शेवटी जिभेसारखा गोलावलेला थर, म्हणजेच स्मिअर, उमटला पाहिजे. हवेत वाळवायचा, फुंकर मारायची नाही. मग लिशमनचा रंग ओतायचा, दोनेक मिनिटांनी त्याच्या दुप्पट बफरचं पाणी मिसळायचं, सात-आठ मिनिटं थांबायचं आणि धुवायचं. पातळ टोकाकडे तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली पाहिलं की गुलाबी तांबड्या पेशी आणि जांभळ्या केंद्राच्या पांढऱ्या पेशी दिसतात. अपक्व पेशी, ज्यांना आम्ही ब्लास्ट म्हणतो, त्यांचं केंद्र पेशीभर पसरलेलं, पोत मऊ, आत एक-दोन फिकट ठिपके. आणि नशीब असेल तर एखाद्या ब्लास्टच्या कडेच्या निळसर भागात एक बारीक लालसर काडी दिसते. १९०६ मध्ये जॉन आउअर यांनी वर्णन केलेली ही काडी. ती दिसली की आजार मायलॉइड जातीचा, यात शंका उरत नाही. ही काडी ज्या कणांची बनते त्यांत तेच मायलोपेरॉक्सिडेज असतं ज्यानं खोबणीतली गाठ हिरवी होते. रंगवलेल्या काचेवर लालसर, गाठीत हिरवं, ऐवज एकच.

या सगळ्याला पाऊण तास लागतो. खर्च डोळ्याच्या सीटी स्कॅनच्या काही अंशाइतका. तालुक्याच्या कोणत्याही बऱ्या लॅबमध्ये हे होतं. फक्त चिठ्ठीवर ‘सीबीसी’ एवढंच न लिहिता ‘स्मिअर पाहणे’ असंही लिहावं लागतं, कारण यंत्र पेशी मोजतं, त्यांचे चेहरे ओळखण्यात ते अनेकदा फसतं. ब्लास्टना मोनोसाइट समजून कागदावर सगळं ठीकठाक दाखवणारी यंत्रं मी पुष्कळ पाहिली आहेत. पांढऱ्या पेशींचा काउंट नॉर्मल आला म्हणून ल्युकेमिया नाही, हा गैरसमजही इथेच पुरून टाकू. काउंट वाढलेला, नॉर्मल किंवा कमी, काहीही असू शकतो.

आणि रक्तही स्वच्छ निघालं तर? तसं होतं. काही रुग्णांत गाठ आधी येते आणि मज्जेत आजार नंतर, बहुतेकदा काही महिन्यांत उगवतो. तिथे गाठीचा तुकडा काढूनच बघावा लागतो. पण साध्या रंगात या पेशी लिम्फोमाशी, रॅब्डोमायोसार्कोमाशी, न्यूरोब्लास्टोमाशी इतक्या मिळत्याजुळत्या दिसतात की सगळ्यांना एकच लेबल लागतं: लहान, गोल, निळ्या पेशींची गाठ. पुढचा उलगडा प्रतिपिंडांच्या खास रंगांनी होतो. मायलोपेरॉक्सिडेज, सीडी ११७, सीडी ३४, सीडी ६८, लायसोझाइम अशी ती यादी, पण पॅथॉलॉजिस्टच्या मनात मायलॉइड सार्कोमाची शंका आली तरच हे रंग मागवले जातात. शंका न आल्यामुळे लिम्फोमा म्हणून चुकीचा उपचार झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. “डॉक्टर, डोळा काढावा लागेल का हो?” त्यांनी कुठेतरी डोळ्याच्या कॅन्सरबद्दल ऐकलेलं असतं, तो बहुधा रेटिनोब्लास्टोमा, जो डोळ्याच्या आत पडद्यावर होतो आणि ज्यात कधी कधी डोळा काढावा लागतो. इथे उत्तर स्वच्छ ‘नाही’ असं आहे. गाठ कापून काढणं हाही उपचार नव्हे. शस्त्रक्रिया फक्त तुकडा मिळवण्यापुरती. उपचार रक्ताचाच करायचा, आणि तो केला की गाठ विरघळते. एएमएलच्या उपचाराचा कणा म्हणजे सात दिवस सायटॅराबिन आणि तीन दिवस डॉनोरुबिसिन. हे दुसरं औषध लालभडक. सलाइनच्या नळीतून ते उतरताना मुलं टक लावून बघतात आणि दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली की आई घाबरते. आधी सांगून ठेवलं तर घाबरत नाही. त्या पहिल्या फेरीतच डोळा बऱ्याच मुलांत जागेवर यायला लागतो. नजर जाण्याची भीती असेल किंवा गाठ हटत नसेल तर थोड्या मात्रेत किरणोपचार देतात. मधल्या काळात पुढे आलेल्या डोळ्याची पापणी मिटत नाही आणि काळं बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम होते. दिवसा थेंब, रात्री मलम, झोपताना पापणी चिकटपट्टीनं मिटवून ठेवणं या साध्या गोष्टींनी पुष्कळ डोळे वाचतात. पुढे मोठ्या मात्रेत सायटॅराबिन देतात तेव्हा ते अश्रूंतूनही उतरतं आणि डोळे चुरचुरतात, लाल होतात; त्यासाठी स्टेरॉइडचे थेंब आधीपासूनच घालतात. ज्या स्टेरॉइडवर मी वर इतका राग काढला त्याला इथे पूर्ण मान आहे.

खोबणीत गाठ म्हणजे आजार अधिक वाईट, असंही समजू नये. मुलांच्या मोठ्या अभ्यासांत खोबणीतली गाठ असलेल्यांची वाटचाल इतर जागी गाठी असलेल्यांपेक्षा चांगली दिसली आहे. अर्थात एएमएल हा एएमएलच. उपचार कित्येक महिने चालतात, पेशी शून्याच्या जवळ जातात, जंतुसंसर्ग टपून बसलेला असतो.

त्या टपून बसलेल्यांपैकी एकाची ओळख महाराष्ट्राला २०२१ मध्ये चांगलीच झाली. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. कोविडनंतर ती पसरली तेव्हा डोळा सुजणं, नाकातून काळं येणं ही लक्षणं घराघरांत तोंडपाठ झाली. ल्युकेमियाच्या वॉर्डांना मात्र ती बुरशी त्याआधीही ठाऊक होती. केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या मुलाचा डोळा सुजला तर ल्युकेमिया परतला असं गृहीत धरता येत नाही. ती बुरशी असू शकते, तिथे तासांचा हिशेब असतो आणि उपचार पूर्ण वेगळा. म्हणजे निदानाआधी सुजलेला डोळा आणि निदानानंतर सुजलेला डोळा या दोन वेगळ्या गोष्टी. या पुस्तिकेत त्यांना दोन वेगळी प्रकरणं दिली आहेत ती यासाठी.

लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, मुलांमधला सर्वांत जास्त आढळणारा, खोबणीत गाठ क्वचितच करतो. त्याची डोळ्याशी भानगड दुसरीच आहे. औषधं रक्तातून मेंदूत आणि डोळ्यात सहजी शिरत नाहीत, त्यामुळे काही पेशी तिथे लपून राहतात. आजार बरा झाला असं वाटत असताना मुलाला एका डोळ्यानं धूसर दिसू लागतं, तपासल्यावर दृष्टीची नस सुजलेली दिसते किंवा बुबुळामागे पांढरट साका बसलेला दिसतो. ही आणीबाणी समजावी. या पेशी मारणाऱ्या औषधांच्या इतिहासात एक आपला माणूस आहे, तो सांगायला मला नेहमीच आवडतं. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधन करत होते. त्यांच्या गटानं तयार केलेलं ॲमिनोप्टेरिन बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये पहिल्यांदाच, थोड्या काळापुरता का होईना, हा आजार मागे हटल्याचं जगाला सांगितलं. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आज पाठीच्या कण्यातून दिलं जातं, लपलेल्या पेशींना गाठण्यासाठी. प्रगत देशांत या ल्युकेमियाची दहातली नऊ मुलं आज बरी होतात.

आपल्याकडे हा आकडा औषधांपेक्षा अंतरावर जास्त ठरतो. १९४१ पासून परळच्या टाटा रुग्णालयाच्या दारात गडचिरोलीपासून गुवाहाटीपर्यंतची माणसं येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोचा खर्च बसतो. पण बापाची बुडालेली रोजी, गावी ठेवलेलं दुसरं मूल, मुंबईत महिनोन्‌महिने राहायचं कुठे, हे कुठल्याच पॅकेजात बसत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा २००६ पासून सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडियाच्या घरांत जागा मिळाली तर उपचार पुरे होतात, नाहीतर मधेच सुटतात. म्हणून शेवटच्या प्रकरणात राहण्याच्या जागा, प्रवासाच्या सवलती आणि योजनेची कागदपत्रं यांची माहिती दिली आहे. डॉक्टर वाचकांना ते प्रकरण वैद्यकीय वाटणार नाही. रुग्णाचे नातेवाईक पुस्तिका उघडतील ती तिथूनच.

प्रौढांमधले प्रकार, म्हणजे म्हातारपणी पापणीत किंवा अश्रुग्रंथीत हळूहळू वाढणारे लिम्फोमा आणि जुनाट ल्युकेमिया, इथे थोडक्यात येतात. त्यांची चाल संथ असते, घाई नसते, आणि त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

पुस्तिकेच्या मलपृष्ठाच्या आत फाडून घेण्याजोगी एक चिठ्ठी छापली आहे. गावच्या डॉक्टरनं मुलाला पुढे पाठवताना ती भरावी. सूज कधी सुरू झाली; कोणती औषधं, विशेषतः कोणतं स्टेरॉइड, किती दिवस दिलं; आणि स्मिअर पाहिला का, पाहिला असेल तर काचेची पट्टी सोबत दिली आहे का. रिपोर्टचा कागद नको, पट्टीच द्यावी. रुमालात गुंडाळून, टूथब्रशच्या डबीत घालून दिली तरी ती न फुटता मुंबईपर्यंत पोचते.